मुक्काम भिवरवाडी

कुंडलिकला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो बराच वेळ पाण्यावर आहे. मोरगावच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला हा माणूस. लहानपणी अंघोळीला बादलीभर पाणी मिळालं तर त्या दिवशी सण. त्यानं एस.टी.ची एकतीस वर्षांची कंडक्टरकी संपवल्यावर घरी स्वस्थ बसावं की नाही? पण त्याला उजनीच्या पाण्यात होडीतून फिरायचं सुचलं. आणि एकटा जाईल तर शपथ. मला, जोतीरामला आणि आप्पाला त्यानं हाताला धरून ओढलं.

मी घड्याळजी. बारामतीच्या स्टँडसमोर माझं दुकान. कुंडलिकची नि माझी ओळख त्याच्या मनगटावरच्या घड्याळामुळं झाली. महिन्यातून एकदा ते माझ्या टेबलावर यायचंच. बिघडलेलं कधी नसायचं. "जरा बघा, अर्धं मिनिट मागं पडतंय का," म्हणायचा आणि मी भिंग लावून बघेपर्यंत समोर उभा राहायचा.

"कुंडलिकराव, एस.टी. हाय ती, इमान न्हाय," मी म्हणायचो.

"गाडी येळंवर सुटली पायजे. मग ती रिकामी का असंना."

हे त्याचं ब्रीद. त्याच्या डबल बेलवर स्टँडवरचे दुकानदार घड्याळं लावायचे आणि प्रवासी त्याला शिव्या घालायचे. चहाचा अर्धा कप हातात घेऊन पळत येणाऱ्याला त्यानं कधी गाडीत घेतलं नाही. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याची गाडी त्यानं दोनदा चुकवली आहे, आणि हे तो अभिमानानं सांगतो.

जोतीराम त्याच्या गाडीचा ड्रायव्हर. बोलणं कमी, मान डोलावणं जास्त. एस.टी. सुटली तरी त्याचा उजवा पाय सुटला नाही. होडी काठाला लागायला आली की हा बसल्या जागी ब्रेक दाबतो. आप्पा माळेगावच्या साखर कारखान्यात ऊसकाट्यावर होता. आयुष्यभर उसाच्या गाड्या मोजल्या, पण जीव सगळा इतिहासात. शेंदूर फासलेला दगड दिसला की आप्पाला त्याच्यामागं एक लढाई दिसते. आणि ती ऐकून घेतल्याशिवाय तो कुणाला हलू देत नाही.

पहिली फेरी ९४ सालच्या मे महिन्यात झाली. भीमेवर धरण झालं तसं भिगवणपासून खाली इंदापूरकडं जाणाऱ्या पट्ट्यात नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठं देवळाचं शिखर, कुठं वाड्याची भिंत, कुठं पाराचे दगड वर येतात. ते बघायचं, काठावरची जुनी गावं पालथी घालायची, दुपारी कुठंतरी डबा सोडायचा, असा बेत. होडी नकोशीची. नकोशी भोयाची, चाळिशीची, हाताला जाळ्याचे घट्टे. नवऱ्याला काठावर मासळी विकायला बसवून ही स्वतः पाण्यावर. होडीला एक छोटं इंजिन लावलेलं होतं आणि ते तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं.

निघाल्यावर पाचव्या मिनिटाला कुंडलिक आणि नकोशीचं वाजलं.

"सरळ कुठं निघालीस? हितनं उजवीकडं घे," कुंडलिक म्हणाला.

"का? म्होरं काय हाय?"

"रस्ता उजवीकडं वळतो."

नकोशीनं चारी बाजूंना बघितलं. चारी बाजूंना पाणी होतं. "कुठला रस्ता?"

"भिवरवाडीचा. ह्या रस्त्यानं सहा वर्षं गाडी नेलीय आमी. ह्यो हितं ओढ्याचा पूल, पुढं चिंचंचा थांबा."

खरंच होतं ते. बारामती ते भिवरवाडी ही मुक्कामी गाडी कुंडलिक आणि जोतीरामनं सहा वर्षं चालवली होती. संध्याकाळी गावात पोचायचं, रात्री तिथंच राहायचं, पहाटे परतायचं. ते गाव आणि तो रस्ता दोन्ही आता खाली गाळात होती, पण कुंडलिकच्या लेखी रस्ता रस्ताच होता. होडीनं आडवं जाणं म्हणजे कुणाच्या तरी उभ्या पिकातून गाडी घालणं. आणि गावाजवळ आलो तेव्हा तर तो हट्टालाच पेटला: देवळाला उजवी घालूनच जायचं, आणि कुणाच्या घरावरून होडी न्यायची नाही. "खाली चुली हायेत लोकांच्या," म्हणाला.

नकोशीला हसावं की होडी मागं फिरवावी कळेना. तिनं जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं मान डोलावली. मग काय, ड्रायव्हर नि कंडक्टरचं एकमत झाल्यावर कोण बोलणार. होडी रस्त्यानं चालली. थांबा आला की कुंडलिक तिकिटाचा जुना चिमटा फळीवर एकदा आपटायचा. नकोशी इंजिन बंद करायची. दोनदा आपटला की चालू. थांब्यावर चढणारं उतरणारं कुणी नसायचं. एखादा बगळा असला तर असला.

आणि मग जे व्हायचं ते झालं. रस्त्यानंच जायचं या हट्टापायी होडी नेमकी मैलाच्या दगडावर चढली. खालून खर्रकन आवाज आला, होडी तिरकी झाली, आप्पाचा चष्मा पाण्यात. कुंडलिकनं दोन्ही हातांनी माझं धोतर धरलं. ते सुटलं नाही ही देवाची कृपा. जोतीरामनं खाली वाकून बघितलं आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला, "भिगवण सात मैल." नकोशी इतकी हसली की तिला वल्हं धरवेना. तेव्हापासून ती आमच्यातलीच झाली. दरवर्षी मे महिना लागला की तिचा निरोप यायचा: पाणी उतरलं, गाडी कधी काढता?

असे आम्ही हिंडलो. पळसदेवला पाण्यातून वर आलेल्या शिखराभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि चौथी आप्पानं इतिहासासाठी मारायला लावली. काठाला उतरून इंदापूरला मालोजीराजांची गढी बघितली. आप्पा तिथल्या बुरुजासमोर इतका वेळ बोलला की एका माणसानं त्याला सरकारी अधिकारी समजून पाणी येत नसल्याची तक्रार दिली. आप्पानं ती लिहूनही घेतली. भांडलो, हसलो, उन्हानं काळे पडलो. पन्नाशी-साठीतल्या चार पुरुषांना असं विनाकारण सुखी होता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण प्रत्येक फेरीत एक जागा अशी होती की तिथं कुंडलिकचं तोंड उतरायचं. ती म्हणजे नवी भिवरवाडी.

जुन्या गावातल्या लोकांना सरकारनं काठावर वर, सोलापूर रस्त्याजवळ जागा दिली. तिथं द्वारकाबाई राहायची. आम्ही तिच्याकडं चहाला थांबायचो. गेल्या गेल्या ती मला, आप्पाला, जोतीरामला हातात कप द्यायची. चौथा कप ओट्यावर ठेवायची आणि भिंतीकडं बघून म्हणायची, "त्यास्नी सांगा, चहा ठेवलाय." कुंडलिक तो उचलून खाली मान घालून प्यायचा. जाताना दरवर्षी विचारायचा, "होडीत येता का, जुनं गाव दावून आणतो." ती नकोशीला सांगायची, "त्यास्नी सांग, मला काम हाय."

दुसऱ्या वर्षी परतताना मी जोतीरामला खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. त्याला एवढं सलग बोलताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

जुन्या गावात द्वारकाबाईचं घर थांब्यासमोरच होतं. नवरा लवकर गेलेला, पदरात एक पोरगा. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला गावानं जेवायला घालायचं ही रीत, पण सहा वर्षांत ती रीत तिनं दुसऱ्या कुणाला पाळू दिली नाही. गाडी आली की चार भाकऱ्या, दोन ड्रायव्हरच्या, दोन कंडक्टरच्या, वर कालवण. कुंडलिकला ताप आला तेव्हा तिनं रात्रभर उशाशी बसून काढा पाजला होता. मग ७७ साल आलं, गाव उठलं. शेवटच्या गाडीच्या दिवशी तिचं सामान आणि पोरगा ट्रॅक्टरमधून आदल्या दिवशीच पुढं गेला होता. ती सकाळी घराला कुलूप लावून गाडीत येऊन बसली आणि मग तिला तुळस आठवली. "दोन मिनिटं थांब रं कुंडलिक, तुळस घिऊन येते," म्हणून उतरली.

सुटायची वेळ सहा दहा. कुंडलिक चार मिनिटं थांबला. त्याच्या हिशेबानं ते फारच झालं. जोतीराम म्हणाला, येऊ दे तिला. पण कुंडलिकनं दोरी दोनदा ओढली. ती तुळस छातीशी धरून थांब्यावर आली तेव्हा तिथं नुसता धुरळा होता. गावात दुसरं माणूस नव्हतं. अकरा किलोमीटर चालत ती भिगवणला आली, तुळस तशीच कडेवर.

"डेपोत आल्यावर ह्यो सांगत हुता, शेवटची गाडीबी येळंवर काढली म्हणून," जोतीराम म्हणाला. "तीन दिसांनी उमगलं त्याला. माफी मागाय गेला. तिनं दार लावून घेतलं."

मला तेव्हा कुंडलिकचा राग आला, खोटं कशाला बोलू. सहा वर्षं ज्या बाईची भाकरी खाल्ली तिला एकटीला रिकाम्या गावात सोडून यायचं? घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसालाच घड्याळाचा एवढा राग यावा ही मजाच. पण मग या होडीचं कोडं सुटलं. पाण्याला भिणारा हा माणूस दरवर्षी तीच वाट, तेच थांबे का धरून बसतो ते कळलं. त्याला तिला एकदा तिच्या थांब्यावर परत न्यायचं होतं. बाकी आम्ही, इतिहास, बगळे, सगळं तोंडीलावणं.

९६ साली आम्ही गेलो तेव्हा नव्या भिवरवाडीत द्वारकाबाईच्या अंगणात ट्रंका बांधलेल्या. मुलगा रविराज चिंचवडला कंपनीत होता, तो न्यायला आला होता. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, एकटीनं राहणं होईना. उद्या सकाळी फाट्यावरून पुण्याची गाडी. परत येणं कठीणच.

त्या वर्षी पाणी बरंच खाली गेलेलं. रविराज म्हणाला, "मारुतीचा पार उघडा पडलाय म्हणं. आईला एकदा बघायचा हाय. पण..." आणि त्यानं कुंडलिककडं बघून वाक्य सोडून दिलं.

कुंडलिकनं कप खाली ठेवला. "नकोशे, ह्यास्नी घिऊन जा. मी हितं काठाला बसतो," म्हणाला. दोन वर्षं ज्या फेरीसाठी तडफडला ती त्यानं सोडून दिली.

द्वारकाबाई भिंतीकडंच बघत होती. मग नकोशीला म्हणाली, "त्यास्नी सांग, कंडक्टरबिगर गाडी कशी जाईल?"

ती होडीत बसली. मांडीवर एक फडक्याचं गाठोडं. कुंडलिककडं पाठ. आम्ही सगळे तोंडात मारल्यासारखे गप्प. आप्पासुद्धा, यावरून काय ते समजा. नकोशीनं कुणी न सांगता होडी रस्त्याला घेतली, ओढ्याचा पूल, चिंचेचा थांबा, देवळाला उजवी. पुढं मारुतीचा पार पाण्याबाहेर आलेला, त्याच्यावर वाळलेलं शेवाळ. पाराच्या अलीकडं, तिच्या घरासमोरच्या थांब्यावर, कुंडलिकनं चिमटा एकदा आपटला.

इंजिन थांबलं. द्वारकाबाई वाकून पाण्यात बघायला लागली. तिला दिसत काही नसणार. मोतीबिंदू नसता तरी दिसलं नसतं, गढूळ पाणी. पण बघत होती.

कुंडलिकनं मनगटावरचं घड्याळ काढलं. माझं टेबल सोडलं तर एकतीस वर्षांत अंघोळीलासुद्धा न काढलेलं. माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ठेवा तुमच्यापाशी."

आम्ही थांबलो. पंधरा मिनिटं, अर्धा तास. उन्हानं फळ्या तापल्या. जोतीराम एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर झाला. तासाभरानं पश्चिमेकडनं वारं सुटलं आणि पाण्यावर चुण्या पडायला लागल्या. उजनीवरचं मे महिन्यातलं दुपारचं वारं वाईट; धडधाकट होड्या उलट्या केल्यात त्यानं. नकोशी म्हणाली, "कंडक्टर, निघाय पायजे."

"त्या सांगतील तवा."

"होडी हाय ही, एस.टी. न्हाय! उलथली तर सगळ्यात आदी तुमी बुडाल."

"बुडू दे," कुंडलिक म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं फळी गच्च धरली होती, बोटं पांढरी पडलेली. पण चिमटा त्यानं उचलला नाही. मला त्या क्षणी तो फार आवडला.

एक लाट होडीवर आदळली. सगळे भिजलो. द्वारकाबाईनं तोंड पुसलं आणि वळून पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"कुंडलिक."

"जी."

"तवा तुळस खणाय विळाच सापडंना. सगळं सामान म्होरं गेल्यालं. हातानं उकरली. म्हणून उशीर झाला."

एकोणीस वर्षांनी ती कारण सांगत होती, जसं काही चूक तिचीच होती. कुंडलिकचा चेहरा मला बघवला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "थांबाय पायजे हुतं."

"व्हय. चुकलंच." तिनं गाठोडं सोडलं. आत चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी. दोन जोतीरामला दिल्या, दोन कुंडलिकच्या हातात ठेवल्या. "गार झाल्यात. चला आता, ही पोरगी भ्यालीया." नकोशी भ्याली नव्हती, पण तिनं इंजिन मारलं. आप्पाला आणि मला चतकोरसुद्धा मिळाली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही.

काठाला उतरताना ती कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. म्हणाली, "सकाळची सव्वासातची गाडी हाय फाट्यावर. आता माझ्यानं पळवत न्हाय रं."

"तुमी आल्याबिगर सुटायची न्हाय," कुंडलिक म्हणाला.

आता हा निवृत्त माणूस. अंगात खाकी नाही, खांद्याला पिशवी नाही. गाडी इंदापूर डेपोची, हा बारामतीचा. याला कोण विचारतो? मी तसं म्हणालोही. आम्ही त्या दिवशी मुक्काम केला, नव्या गावातल्या देवळात, आणि सकाळी सातला चौघंही फाट्यावर हजर. रविराज ट्रंका घेऊन आला. द्वारकाबाई नव्हती.

"येतीया. तुळस घ्याय गेलीया," तो म्हणाला.

गाडी सव्वासातला आली. अगदी ठोक्याला, मेली. ट्रंका टपावर चढल्या, रविराज आत बसला. कंडक्टर तरुण, तरतरीत, मनगटावर नवं घड्याळ. त्यानं दोरीला हात घातला आणि कुंडलिकनं दारातल्या पायरीवर पाय ठेवला.

"एक म्हातारी यायचीय. जरा थांबा."

"आजोबा, गाडी येळंवर सुटली पायजे," तो पोरगा म्हणाला.

जोतीरामनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

"पायजे की," कुंडलिक म्हणाला, पण पाय काढला नाही. मग जे बोलणं सुरू झालं ते काय सांगावं. आतले प्रवासी ओरडायला लागले, ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, कुणीतरी म्हणालं, गाडी काय ह्याच्या बापाची हाय का. कुंडलिकनं आयुष्यभर लोकांना जे जे ऐकवलं होतं ते सगळं त्याला एका जागी उभं राहून ऐकावं लागलं. तो हात जोडत होता. प्रत्येकाला हात जोडत होता. एकतीस वर्षांत कुणापुढं न झुकलेला माणूस "दोनच मिनिटं, मालक" म्हणत होता.

मग ती दिसली. पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस छातीशी धरून गावाच्या बाजूनं चालत येत होती. पळत नव्हती. भरभरही चालत नव्हती. मला अजून संशय आहे की म्हातारी मुद्दाम उशिरा निघाली, पण तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

कुंडलिकनं तिला हात देऊन वर चढवलं, खिडकीशी बसवलं, डबा तिच्या मांडीवर नीट ठेवला. तरुण कंडक्टर तोंड फुगवून दोरीकडं वळला.

"त्यो न्हाय," द्वारकाबाई म्हणाली. "कुंडलिक, तू मार बेल."

पोरगा कुंडलिककडं बघत राहिला, मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला सरला. कुंडलिकनं हात वर केला. दोरी दोनदा ओढली आणि खाली उतरला.

त्याचं घड्याळ माझ्या खिशात होतं. मी काढून बघितलं. गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली होती.